एकाच मशीनवर जीसीसीच्या अनेक आवृत्त्या, लायब्ररींची भांडणं न लावता

मागच्या जूनमध्ये एमएस्सीची एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी आली. "सर, माझ्याकडे चालतंय, पण लॅबच्या मशीनवर चालत नाही." प्रोग्राम छोटाच होता, मॅट्रिक्सची गणितं. लॅपटॉपवर उबंटू २४.०४, लॅबच्या मशीनवर उबंटू २२.०४. लॅपटॉपवर कंपाइल केलेली फाइल तिने पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये नेली, चालवली आणि ही ओळ आली:

./गणित: /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/लिबएसटीडीसी++.एसओ.६: व्हर्जन 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२' नॉट फाउंड

जीसीसी, म्हणजे तिचा सी++ कंपायलर, काढून पुन्हा टाक, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. तसं करण्याआधी ती विचारायला आली, हे फार बरं झालं. कारण या चुकीत जीसीसीचा दोष नसतोच.

हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे: सी++ शिकताहेत, टर्मिनलची थोडीफार सवय आहे, आणि आता एकाच मशीनवर दोन-तीन कंपायलर ठेवायची वेळ आली आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. डॅश, स्लॅश, टिंब जसेच्या तसे ठेवा. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

आधी समजून घ्या: कंपायलर वेगळा, लायब्ररी वेगळी

जीसीसी टाकता तेव्हा दोन प्रकारच्या गोष्टी मशीनवर येतात. एक म्हणजे कंपायलर स्वतः आणि त्याच्या हेडर फाइल्स. त्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. उबंटूवर जीसीसी १३ ची हेडर्स /यूएसआर/इन्क्लूड/सी++/१३ मध्ये, १२ ची शेजारच्या १२ मध्ये. एकमेकांच्या वाटेला कोणी जात नाही, म्हणून कंपायलर हवे तेवढे ठेवा, कुरबुर होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोग्राम चालताना लागणारी लायब्ररी: लिबएसटीडीसी++.एसओ.६. ती मात्र सिस्टिमवर एकच असते. इमारतीत नळ कितीही असोत, गच्चीवरची टाकी एकच, तसं. नावातला तो ६ जीसीसी ३.४ पासून, म्हणजे २००४ पासून, बदललेला नाही. जुने प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालत राहावेत म्हणून तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. नव्या आवृत्तीत नवी फंक्शन्स आली की त्यांच्यावर वेगळं लेबल लागतं. जीसीसी ११ पर्यंत ३.४.२९, जीसीसी १२ ला ३.४.३०, १३.२ ला ३.४.३२, १४ ला ३.४.३३. जुनी लेबलं काढली जात नाहीत, त्यांत फक्त भर पडत जाते.

यातून एक दिशा ठरते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जुन्या कंपायलरने बनवलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतो. नव्या कंपायलरने बनवलेला जुन्या लायब्ररीवर चालेलच याची खात्री नाही. त्या मुलीच्या लॅपटॉपवर जीसीसी १३ होता. त्याने नुसतं आयओस्ट्रीम घेतलं तरी प्रोग्राम ३.४.३२ हे लेबल मागतो. उबंटू २२.०४ ची लायब्ररी ३.४.३० वर थांबते. तिने तोच सोर्स लॅबच्या मशीनवर तिथल्याच जी++ ने (जीसीसीची सी++ साठीची कमांड) पुन्हा कंपाइल केला आणि काम पाच मिनिटांत झालं.

म्हणून कंपायलर नवे-जुने कितीही ठेवा, पण सिस्टिमची लायब्ररी सगळ्यांत नवी असू द्या आणि तिला हात लावू नका.

पहिली पायरी: काय आहे ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. टर्मिनलवर

एलएस /यूएसआर/बिन/जी++*

दिलंत की कोणते जी++ आहेत ते दिसेल. मग 'जी++ --व्हर्जन' देऊन नुसतं जी++ म्हटल्यावर कोणता चालतो ते पाहा. उबंटू २४.०४ वर उत्तर १३ येतं, २२.०४ वर ११. सिस्टिमच्या लायब्ररीत कोणती लेबलं आहेत हे बघायला:

स्ट्रिंग्ज /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/लिबएसटीडीसी++.एसओ.६ | ग्रेप जीएलआयबीसीएक्सएक्स

(शेवटचा शब्द मोठ्या अक्षरांत. 'स्ट्रिंग्ज' ही कमांड नसेल तर बिनयुटिल्स हे पॅकेज टाका.) यादीतला सगळ्यांत मोठा आकडा वहीत लिहून ठेवा. तुमच्या मशीनची मर्यादा तीच. उबंटू २४.०४ वर नेहमीचा कंपायलर १३ असला तरी लायब्ररी जीसीसी १४ ची असते, त्यामुळे हा आकडा ३.४.३३ येतो. कंपायलर एक आणि लायब्ररी त्याच्या पुढची, हे बघून गोंधळू नका. ही व्यवस्था बरोबर आहे.

दुसरी पायरी: शक्यतो ॲप्टनेच टाका

उबंटू २४.०४ वर ॲप्ट या पॅकेज टाकायच्या कमांडने जीसीसी ११, १२ आणि १४ सरळ मिळतात:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२ जी++-१२

जीसीसी आणि जी++ दोन्ही एकाच आकड्याचे टाका. नुसता जीसीसी-१२ टाकलात तर सी++ ची हेडर्स येत नाहीत, आणि मग "आयओस्ट्रीम सापडत नाही" म्हणून कंपायलर थांबतो. याने नेहमीचा जी++ बदलत नाही. नवा कंपायलर 'जी++-१२' या पूर्ण नावाने हाक मारली की येतो:

जी++-१२ -ओ गणित गणित.सीपीपी

नवशिक्यांनी सुरुवातीला एवढंच करावं असं माझं ठाम मत आहे. आवृत्तीचा आकडा नावातच लिहिला की कोण काम करतंय याबद्दल शंका उरत नाही.

जुना कंपायलर का लागतो, याचं एक नेहमीचं उदाहरण कूडा, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर प्रोग्राम चालवायची साधनं. कूडा ११.८ चा एनव्हीसीसी हा कंपायलर जीसीसी ११ पर्यंतच चालवून घेतो. त्याच्या पुढचा दिसला की 'अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन' म्हणून थांबतो. सिस्टिमचा कंपायलर बदलायचं काही कारण नाही. एनव्हीसीसीला '-सीसीबिन जी++-११' एवढं सांगा. तो त्याच्या वाटणीचं काम ११ कडून करून घेतो, बाकी सगळं १३ वर राहतं.

उबंटूच्या टूलचेन पीपीएबद्दल (पॅकेजेसचं वेगळं जोडायचं भांडार) बरेच जण विचारतात. त्यातून नवे कंपायलर मिळतात हे खरं, पण तो जोडल्यावर सिस्टिमची लिबएसटीडीसी++ सुद्धा नवी होते. तुमच्या मशीनवर काही बिघडत नाही, कारण नवी लायब्ररी जुन्यांना सांभाळून घेते. बिघडतं ते तुमची फाइल शेजारच्या साध्या २२.०४ वर नेल्यावर. म्हणजे पुन्हा तीच जूनमधली ओळ. फाइल दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर पीपीए टाळा.

अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्जबद्दल

"नुसतं जीसीसी म्हटलं की १२ यायला हवा" यासाठी सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज. तो चालतो. पण तो अख्ख्या मशीनचा निर्णय आहे. लॅबच्या मशीनवर शेजारी बसलेल्याचा कंपायलरही तुम्ही न विचारता बदलता. शिवाय कर्नलसोबत जाणारी ड्रायव्हर मोड्यूल्स ज्या जीसीसीने कर्नल बनला त्यानेच बांधलेली बरी, आणि ती कर्नल अपडेटच्या वेळी तुमच्या नकळत बांधली जातात. मशीन फक्त तुमचं असेल तरच वापरा, आणि वापरलंत तर --स्लेव्ह हा पर्याय देऊन जी++ ला जीसीसीच्या जोडीने बांधून टाका. नाहीतर जीसीसी १२ आणि जी++ १३ अशी विजोड जोडी तयार होते आणि चूक कुठे आहे ते शोधता शोधता संध्याकाळ जाते.

त्यापेक्षा प्रोजेक्टपुरता बदल करा. मेक वापरत असाल तर

मेक सीसी=जीसीसी-१२ सीएक्सएक्स=जी++-१२

(सीसी आणि सीएक्सएक्स मोठ्या अक्षरांत.) मेकफाइलने ही दोन नावं वापरली असतील तर एवढ्यावर भागतं. सीमेक वापरत असाल तर पहिल्यांदा कॉन्फिगर करतानाच '-डीसीमेक_सीएक्सएक्स_कंपायलर=जी++-१२' द्या. यात सुरुवातीच्या डॅशपासून बरोबरच्या चिन्हापर्यंत सगळं मोठ्या अक्षरांत. सीमेक पहिल्या खेपेला कंपायलर शोधतो आणि कॅशमध्ये लिहून ठेवतो. नंतर कंपायलर बदलायचा झाला तर जुन्या बिल्ड फोल्डरवर जोर लावू नका. बिल्ड-१२, बिल्ड-१४ असे वेगळे फोल्डर ठेवा. जागा थोडी जास्त जाते, पण १२ च्या आणि १४ च्या ऑब्जेक्ट फाइल्स एकमेकांत मिसळत नाहीत.

तिसरी पायरी: सोर्सवरून बांधायची वेळ आली तर

उबंटू २४.०४ च्या भांडारात जीसीसी १५ नाही. तो हवा असेल तर सोर्सवरून बांधावा लागतो. आधी बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज असू द्या आणि डिस्कवर काही जीबी जागा मोकळी करा. एप्रिल २०२५ मध्ये आलेला १५.१ धरून चालू. सोर्स उलगडून त्या फोल्डरमध्ये जा आणि हे द्या:

./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स

जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या तीन गणिती लायब्ररी जीसीसीला लागतात. ही स्क्रिप्ट त्यांचा सोर्स आणून जीसीसीच्या पोटातच ठेवते, त्यामुळे सिस्टिमवरच्या त्याच नावाच्या लायब्ररींशी टक्कर होत नाही. त्या स्वतंत्र टाकण्याच्या भानगडीत पडू नका.

मग सोर्सच्या बाहेर, शेजारी एक रिकामा फोल्डर करा आणि त्यात जा. सोर्सच्या आत बसून बांधू नका. जीसीसीचे लोक स्वतःच ते नको म्हणतात. आता:

../जीसीसी-१५.१.०/कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१५.१.० --इनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब --प्रोग्राम-सफिक्स=-१५.१

यातला प्रत्येक पर्याय कामाचा आहे. प्रीफिक्स सगळ्यांत महत्त्वाचा. तो दिला नाही तर सगळं /यूएसआर/लोकलमध्ये जातं. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन आधी येतो, म्हणून तुमचा नवा जीसीसी गुपचूप सिस्टिमच्या जीसीसीच्या पुढे जाऊन बसतो. /ऑप्टमध्ये आवृत्तीच्या नावाचा फोल्डर केला की तो एका जागी राहतो. सफिक्समुळे नाव जी++-१५.१ होतं. मल्टिलिब बंद केल्यामुळे ३२ बिटांची लायब्ररी लागत नाही.

पुढे 'मेक -जे४', आणि ते संपल्यावर 'सुडो मेक इन्स्टॉल'. मेकला वेळ लागतो, साध्या लॅपटॉपवर तासभर किंवा त्याहून जास्त. कारण जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो: आधी तुमच्या जुन्या कंपायलरने, मग त्या नव्याने, मग पुन्हा त्याने. शेवटच्या दोन खेपांच्या फाइल्स तो ताडून पाहतो. दोन्ही सारख्या निघाल्या तर कंपायलर नीट बांधला गेला. मला ही पद्धत फार आवडते, म्हणून घाई नसेल तेव्हा मी ती बंद करत नाही. मेमरी ८ जीबीच असेल तर चार ऐवजी दोन धागे वापरा, मध्येच मशीन अडकून बसायचं टळतं.

चौथी पायरी: नव्या कंपायलरला त्याची लायब्ररी दाखवा

खरी ठेच इथेच लागते. /ऑप्टमधल्या जी++-१५.१ ने प्रोग्राम कंपाइल होतो, पण चालवताना तो सिस्टिमची लायब्ररी उघडतो. जीसीसी १५ ची नवी लेबलं ३.४.३४ ची, सिस्टिमची मर्यादा ३.४.३३. प्रोग्रामने नवं काही वापरलं असेल तर तीच ओळखीची चूक समोर येते.

तुम्हाला सगळ्यांत आधी मिळणारा सल्ला असा असेल: एलडी_लायब्ररी_पाथ (सगळं मोठ्या अक्षरांत; लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) मध्ये /ऑप्ट/जीसीसी-१५.१.०/लिब६४ घाला आणि ती ओळ बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, टाका. तेवढं मात्र करू नका. काही वर्षांपूर्वी मी जीसीसी ९ साठी नेमकं तेच केलं होतं. त्या वेळी सगळं छान चाललं. पुढे सिस्टिम नवी केली, आणि सीमेक उघडेना. मग चित्रं बघायचा प्रोग्राम, मग आणखी दोन. मी दोन दिवस पॅकेजेस काढत-टाकत बसलो होतो. कारण ती एक ओळ. त्या टर्मिनलमधून उघडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ती जीसीसी ९ ची जुनी लायब्ररी आधी दाखवत होती, आणि नव्या सिस्टिमच्या प्रोग्रामना नवी हवी होती. हे व्हेरिएबल एका प्रोग्रामपुरतं, एका वेळेपुरतं, त्याच ओळीत त्याच्यापुढे लिहून वापरायला हरकत नाही. कायमचं ठेवू नका. लायब्ररीचा तो फोल्डर एलडी.एसओ.कॉन्फमध्ये लिहिणं तर त्याहून वाईट, ते अख्ख्या मशीनला लागू होतं.

त्याऐवजी लायब्ररीचा पत्ता प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवा:

जी++-१५.१ -ओ गणित गणित.सीपीपी -डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/जीसीसी-१५.१.०/लिब६४

(डब्ल्यू मोठा, एल लहान.) हा पत्ता त्या एकाच फाइलला लागू. बाकीच्या मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही. बरोबर बसलंय का ते 'एलडीडी ./गणित' देऊन तपासा. लिबएसटीडीसी++ च्या ओळीत बाणापुढे /ऑप्टचा पत्ता दिसला पाहिजे. तिथे /लिब दिसत असेल तर आरपाथ पोहोचलेला नाही.

एक बारकावा मात्र लक्षात असू द्या. उबंटूचा लिंकर हा पत्ता रनपाथ या स्वरूपात लिहितो, आणि रनपाथच्या आधी एलडी_लायब्ररी_पाथ बघितला जातो. बॅशआरसीत तशी जुनी ओळ असेल तर ती तुमच्या आरपाथवर मात करेल. शिवाय रनपाथ फक्त त्या फाइलने थेट मागितलेल्या लायब्ररींना लागतो. तुम्ही स्वतः बनवलेली एखादी .एसओ फाइल मधे असेल तर तिलाही तिचा स्वतःचा आरपाथ द्या.

दुसऱ्याच्या मशीनवर न्यायची छोटी फाइल असेल तर आणखी सोपा मार्ग आहे: '-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ -स्टॅटिक-लिबजीसीसी'. लायब्ररी फाइलच्या आतच जाते, फाइल थोडी फुगते. पण याने जीलिबसीचा, म्हणजे सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीचा, प्रश्न सुटत नाही. २४.०४ ची जीलिबसी २.३९, २२.०४ ची २.३५. तिथेही जुनं नव्यावर चालतं, नवं जुन्यावर नाही. चुकीच्या ओळीत जीएलआयबीसी_२.३८ असं काही दिसलं, शेवटी सीएक्सएक्स नसलं, तर प्रश्न जीलिबसीचा आहे. जीलिबसी स्वतः बदलायला जाऊ नका, त्यात अख्खी सिस्टिम कोलमडते. जुन्या मशीनवर किंवा तेवढ्याच जुन्या डॉकर कंटेनरमध्ये कंपाइल करा.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर हाच प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. तिथल्या जीसीसी-टूलसेटने कंपाइल केलं की सिस्टिमच्या लायब्ररीत असलेली फंक्शन्स तिथूनच घेतली जातात आणि नसलेली तेवढी तुमच्या फाइलमध्ये शिवली जातात. त्यामुळे आरपाथ लागत नाही. तिथे काम करत असाल तर सोर्सवरून बांधायच्या आधी टूलसेट बघा.

लिंक करतानाच मोडलं तर

चालवताना नव्हे, लिंक करतानाच 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येत असेल आणि नावात सीएक्सएक्स११ दिसत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंग आणि लिस्ट या दोन क्लासची आतली रचना बदलली, कारण सी++११ च्या मानकाला जुनी रचना चालत नव्हती. लायब्ररीत जुनी आणि नवी दोन्ही आहेत. पण तुमचा कोड नव्या रचनेने आणि कुठून तरी मिळालेली .ए फाइल जुन्या रचनेने बनलेली असेल तर दोघांचं जमत नाही. पहिला इलाज म्हणजे ती लायब्ररी सोर्सवरून पुन्हा कंपाइल करणे. सोर्स नसेलच तर _जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय (सगळं मोठ्या अक्षरांत) हा मॅक्रो ० करून तुमचा सगळा कोड जुन्या रचनेवर न्यावा लागतो.

सी++१७ वापरत असाल तर जीसीसी ८ आणि ९ च्या ऑब्जेक्ट फाइल्स मिसळू नका. जीसीसी ८ मध्ये सी++१७ प्रायोगिक होतं. फाइलसिस्टिमचा भाग तर वेगळ्या लायब्ररीत होता. मिसळलं तर लिंक होतं आणि चालताना कोसळतं, ते शोधणं फार कठीण जातं. फोरट्रानवाल्यांनी लिबजीफोरट्रानचा आकडा बघावा: जीसीसी ७ चा ४, ८ पासून ५. 'मोड्यूल फाइल दुसऱ्या आवृत्तीने बनवली आहे' असं कंपायलर म्हणाला तर सगळ्या .मॉड फाइल्स पुसून पुन्हा कंपाइल करा.

क्लस्टरवर आणि कोंडात

पुण्याच्या आयसर या संस्थेतल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवर हे सगळं तुमच्या आधी कोणीतरी करून ठेवलेलं असतं. 'मोड्यूल अव्हेल' ने यादी बघा, 'मोड्यूल लोड' ने हवा तो जीसीसी घ्या. नवे विद्यार्थी हमखास एक गोष्ट विसरतात: लॉगिनवर मोड्यूल लोड करून कंपाइल करतात आणि जॉब स्क्रिप्टमध्ये तीच ओळ लिहायची राहते. मग तासन्‌तास रांगेत थांबलेला जॉब पहिल्याच सेकंदाला लायब्ररी सापडत नाही म्हणून पडतो. स्क्रिप्टच्या वरच्या ओळींत तेच मोड्यूल, तोच आकडा लिहा.

कोंडाची (पायथन आणि त्याची पॅकेजेस वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकणारा प्रोग्राम) गोष्ट अशी की तो स्वतःची लिबएसटीडीसी++ सोबत आणतो. तुम्ही सिस्टिमच्या जी++-१४ ने पायथनसाठी एक्स्टेन्शन बनवलं आणि कोंडाच्या पायथनमध्ये आयात केलं, तर कोंडाची लायब्ररी जुनी असल्यास तीच जूनमधली चूक येते. त्या एन्व्हायर्नमेंटमधली लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी नवी करा, किंवा कंपायलरही कोंडातलाच घ्या. सिस्टिमची फाइल कोंडाच्या फोल्डरमध्ये कॉपी करून बसवणारे बघितले आहेत. पुढच्या अपडेटला ते सगळं उलगडतं.

काढायची वेळ येते तेव्हा

ॲप्टने टाकलेला जी++-१२ ॲप्टनेच काढा. काढताना यादीत लिबएसटीडीसी++६ हे नाव दिसलं तर तिथेच 'एन' दाबून थांबा. ते पॅकेज गेलं तर त्याच्यावर उभे असलेले शेकडो प्रोग्राम सोबत जातात. /ऑप्टमधला फोल्डर पुसण्याआधी तुमच्या बिन फोल्डरमधल्या आणि प्रोजेक्टच्या फाइल्सवर 'रीडएल्फ -डी' चालवून रनपाथमध्ये तो पत्ता कुठे आहे ते शोधा. ज्या फाइलमध्ये सापडेल ती दुसऱ्या कंपायलरने पुन्हा बनवा, मग सुडो आरएम -आरएफ /ऑप्ट/जीसीसी-१५.१.०. शेवटचा आकडा टाइप करून झाल्यावर एंटर दाबण्याआधी ओळ एकदा वाचा.